नव्या स्विमिंग टँकच्या प्लास्टरला डाग पडले: ॲसिड मारण्याआधी काय तपासायचं, ठेकेदाराशी कसं बोलायचं

सोलापूरच्या आसपास फार्महाऊसवर स्विमिंग टँक बांधणारे आता बरेच आहेत. त्यातल्या पांढऱ्या सिमेंटच्या टँकची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. भरून महिना होत नाही तोच भिंतीवर करडे ढग, तळाला पिवळट पट्टे, पायऱ्यांवर खरखरीत पांढरा थर. पुढचं नाटकही ठरलेलं. मालक ठेकेदाराला फोन करतो. ठेकेदार म्हणतो, "तुमच्या बोअरचं पाणीच तसलं आहे ओ मालक." मालक म्हणतो, माल हलका वापरलात. मग कुणीतरी सुचवतं की टँक रिकामा करू आणि ॲसिड मारू. डाग चार दिवस जातात आणि परत येतात. दरम्यान प्लास्टरचा वरचा थर गेलेला असतो, आणि डाग कशानं पडला होता हे सांगणारा पुरावाही त्या ॲसिडबरोबर वाहून गेलेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंद, मग डागाची ओळख, मग पाहणी आणि पत्र, आणि सगळ्यात शेवटी दुरुस्ती. हा लेख पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरच्या घोटीव प्लास्टरबद्दल आहे. टँक टाइल्सचा असेल तर डागांच्या चाचण्या सोडून द्या. पाचव्या टप्प्यापासूनचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

## टप्पा १: टँक रिकामा करू नका, नोंद करा

रिकामा न करण्याची कारणं तीन. एप्रिल-मेच्या उन्हात नवं प्लास्टर उघडं पडलं की झपाट्यानं वाळतं आणि केसासारख्या भेगा पडतात. टँक काळ्या मातीत असेल आणि पावसाळ्याचे दिवस असतील, तर बाहेरच्या ओल्या मातीचा आणि पाण्याचा दाब रिकाम्या टँकवर येतो. त्यात टँक तडकूही शकतो, उचललाही जाऊ शकतो. तिसरं कारण भांडणाचं. "तुम्हीच रिकामा ठेवलात म्हणून तडकला" हे वाक्य तुम्ही स्वतःच्या हातानं ठेकेदाराला देता.

नोंद अशी करा.

पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्या. सकाळचं तिरपं ऊन असताना चारही भिंती, तळ आणि पायऱ्यांचे फोटो घ्या. प्रत्येक डागाचे दोन फोटो हवेत, एक लांबून जागा कळेल असा आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. नुसते जवळचे फोटो काढणारे खूप असतात. नंतर ती भिंत पूर्वेची की पश्चिमेची हे त्यांनाच सांगता येत नाही.

वहीत टँकचा साधा नकाशा काढा आणि डाग कोपऱ्यापासून किती फुटांवर, पाण्याखाली किती खोल, ते लिहा. आठवड्यानं परत मोजा. डाग वाढतोय की आहे तेवढाच आहे, यावर पुढचं अर्धं निदान अवलंबून असतं.

मग इतिहास लिहून काढा. प्लास्टर कोणत्या तारखेला झालं, त्या दिवशी ऊन-वारा कसा होता, पाणी किती दिवस मारलं, टँक भरायला कधी सुरुवात केली, मध्ये थांबला का, पाणी बोअरचं होतं की टँकरचं, आणि भरल्यापासून आत काय काय टाकलं. पांढऱ्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या साइटवर पडल्या असतील तर त्यांवरची कंपनी, बॅच आणि उत्पादनाचा आठवडा यांचा फोटो घ्या. गोण्या भंगारात जातात, फोटो राहतो.

तपासा: टँकमध्ये काय काय टाकलं, हा प्रश्न माळ्यालाही विचारा. विहिरीत शेवाळ धरलं की मोरचूद सोडायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. टँक हिरवा दिसला की तोच हात आपसूक मोरचुदाकडे जातो, आणि मालकाला पत्ताच नसतो.

## टप्पा २: नजरेनं आणि हातानं ओळखा

डागाचा रंग पाहून लोक थांबतात. आकार, जागा आणि स्पर्श हे रंगापेक्षा जास्त सांगतात.

करडे ढग, हात फिरवला तर गुळगुळीत. पहिल्या दिवसापासून आहेत आणि वाढत नाहीत. हे बहुधा घोटाईचं काम. प्लास्टर ओढायला (घट्ट व्हायला) लागल्यावर उशिरा आणि जोरात थापी फिरवली की तो भाग घट्ट आणि गडद होतो. मालात लवकर घट्ट होण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड टाकलं असेल तरी असेच ढग येतात. सोलापूरच्या हवेत सिमेंट लवकर घट्ट करायची गरज कुणाला पडावी, हा प्रश्न ठेकेदाराला जरूर विचारा.

फिकट पांढरे पट्टे, नखानं पीठ निघतं. प्लास्टर हाताखाली वाळायला लागलं म्हणून गवंड्यानं ब्रशनं वरून पाणी मारून घोटलं, की वरचा थर असा कच्चा राहतो. दुपारी बारानंतर केलेल्या भिंतीवर हे जास्त दिसतं.

एकाच उंचीवर आडवी रेघ, टँकभर. भरणं मध्येच थांबलं. आपल्याकडे हे फार होतं, कारण शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते आणि वीज गेली की मोटर थांबते. टँकरचंही तेच. ३० बाय १५ फुटांच्या आणि सरासरी साडेचार फूट खोल टँकला साधारण ५७,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सहा खेपा. दोन खेपांमध्ये रात्र गेली तर रेघ आलीच म्हणून समजा.

खरखरीत पांढरा थर, पायऱ्यांवर आणि पाणी आत येतं त्या तोंडांजवळ जास्त. क्षार. हा वाढत जातो.

पांढरा फोड आणि त्यातून खाली ओघळ. याकडे दुर्लक्ष करू नका. मागे पोकळी किंवा भेग आहे, तिथलं पाणी चुना घेऊन बाहेर येतंय.

तांबूस ठिपका, मधोमध गडद. आत सळईचं टोक किंवा बाइंडिंग वायरचा तुकडा राहिला आहे. तोच तांबूसपणा सगळीकडे पसरट असेल तर तो पाण्यातल्या लोहाचा किंवा जुन्या जीआय पाइपचा.

निळसर-हिरवट, पुढे काळपट. तांबं. म्हणजे मोरचूद किंवा तांब्याचं शेवाळनाशक.

चहाच्या रंगाचे, पानाच्या आकाराचे. चिंच, बदाम, कडुलिंब. झाडाची फांदी टँकवर येत असेल तर ठेकेदाराला फोन करायची गरज नाही.

तपासा: काठीला लोखंडी सळईचा तुकडा बांधून भिंतीवर हलकेच ठोका. पाण्याखालीही आवाजातला फरक कळतो. भरीव जागा टणक वाजते, सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं. पोकळ जागा नकाशावर वेगळ्या रंगानं दाखवा. डाग हा दिसण्याचा प्रश्न आहे, पोकळ प्लास्टर हा कामाचा दोष आहे. तुमचा दावा कुठे भक्कम आहे ते इथेच ठरतं.

## टप्पा ३: पाणी तपासा, दोन्ही ठिकाणचं

दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत टँकचं पाणी, पृष्ठभागापासून हातभर खालून. दुसरीत बोअरचं किंवा टँकरचं. दोन्हींवर तारीख, वेळ, जागा लिहा. फक्त टँकचं पाणी तपासलं तर डागाचं कारण पाण्यात आधीपासून होतं की नंतर आलं, हे कळत नाही.

तपासायचं ते एवढं: पीएच, एकूण क्षारता, कॅल्शियमची कठीणता, लोह, तांबं आणि पाण्याचं तापमान. पीएच घरच्या किटनं लगेच बघा, बाकी प्रयोगशाळेतून करून घ्या. अहवालावर नमुना कुठला आणि कधीचा हे छापून आलं पाहिजे.

टँकचं पाणी साधारण या मर्यादेत हवं: पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२०, कॅल्शियम कठीणता २०० ते ४००. शेवटचे दोन आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे.

हे आकडे सुटे बघू नका, एकत्र बघा. त्यासाठी लँगलियर निर्देशांक असतो: पीएच, तापमानाचा गुणक, कॅल्शियमचा गुणक आणि क्षारतेचा गुणक यांची बेरीज करायची आणि त्यातून १२.१ वजा करायचे. गुणक म्हणजे त्या-त्या मोजमापासाठी तक्त्यात दिलेला आकडा. उत्तर उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये असेल तर पाणी संतुलित. जास्त आलं तर पाणी क्षार सोडतं, कमी आलं तर ते प्लास्टर खातं.

ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणतात, तिथलं उदाहरण घेऊ. पीएच ७.८. पाणी उन्हात ३२ अंशांच्या आसपास, त्याचा गुणक ०.८. कॅल्शियम कठीणता ६००, गुणक २.४. क्षारता ३५०, गुणक २.५. बेरीज १३.५, वजा १२.१, उत्तर अधिक १.४. हे पाणी कितीही चांगल्या प्लास्टरवर थर चढवणारच. त्यात नवं प्लास्टर पहिले २८ दिवस स्वतःचा चुना पाण्यात सोडत असतं, त्यामुळे पीएच आणखी वर चढतो. वर कुणी रोज ब्लीचिंग पावडर टाकत असेल तर तीही चुना आणि पीएच वाढवते.

म्हणजे "पाण्यानं झालंय" हे ठेकेदाराचं म्हणणं पुष्कळदा खरं असतं. पण तिथे वाद संपत नाही. खरा प्रश्न असा: पहिल्या २८ दिवसांत रोज ब्रश मारणं, पीएच बघणं आणि तो खाली आणणं हे काम कुणाचं ठरलं होतं? कोटेशनमध्ये "टँक चालू करून देणे" असा शब्द आहे का? बोअरच्या पाण्याचा अहवाल त्यानं काम घेताना मागितला होता का? काळजी कशी घ्यायची हे लेखी दिलं होतं का? जो माणूस याच जिल्ह्यात टँक बांधतो, त्याला इथलं पाणी जड असतं हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

## टप्पा ४: डागावर छोट्या चाचण्या, याच क्रमानं

सगळ्या चाचण्या एका कोपऱ्यात, बशीएवढ्या जागेवर. आधी आणि नंतर फोटो. एका जागेवर एकच चाचणी.

पहिली, वॉटर पेपर. रंगाऱ्यांच्या दुकानात मिळणारा ४०० नंबरचा वॉटर पेपर घ्या आणि पाण्याखालीच दहा-पंधरा वेळा हलक्या हातानं फिरवा. खरखरीत थर निघून खाली मूळ पांढरा रंग दिसला तर तो वर बसलेला क्षार. घासूनही करडा रंग तसाच राहिला तर रंग प्लास्टरच्या आत आहे, म्हणजे मालाचा किंवा घोटाईचा प्रश्न. चाचणी साधी आहे, पण ठेकेदाराच्या समोर केली तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

दुसरी, क जीवनसत्त्व. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नारिंगी चघळायच्या गोळ्या नकोत, त्यात रंग आणि साखर असते. रसायनांच्या दुकानातून साधी ॲस्कॉर्बिक ॲसिड पावडर आणा. दोन चमचे जुन्या पायमोज्यात भरा, गाठ मारा आणि डागावर पाच मिनिटं दाबून धरा. तांबूस डाग फिका पडला तर लोह.

तिसरी, सायट्रिक ॲसिड. किराण्यात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. निळसर-काळपट डागावर तसंच पायमोज्यातून धरा. फिका पडला आणि पाण्याच्या अहवालात तांबं आलं, तर संशय उरत नाही.

चौथी, क्लोरीन. टँक भरून २८ दिवस झाले असतील तरच. चिमूटभर क्लोरीनचे दाणे तळावरच्या चहाच्या रंगाच्या डागावर सोडा, मिनिटभरानं ब्रशनं हलवा. फिका पडला तर पालापाचोळ्याचा डाग.

सावधान: ॲसिड आणि क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एका भांड्यात, एका पायमोज्यात, एकामागोमाग एका जागेवर वापरू नका. विषारी वायू तयार होतो. दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीनही एकत्र करू नका, पेट घेऊ शकतं.

सावधान: "ॲसिडचा थेंब टाकला, फेस आला, म्हणजे क्षारच" हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका. सिमेंट आणि मार्बल पावडर स्वतःच ॲसिडनं फसफसते. त्या फेसानं काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा ५: कागद एका फाइलमध्ये

कोटेशन, कामाचा करार असेल तर तो, बिलं, यूपीआय आणि बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं. करार नसेल तर घाबरू नका. आपल्याकडे अर्धी कामं शब्दावर होतात, आणि पैसे दिल्याची नोंद व चॅट मिळून कराराचं काम बऱ्यापैकी करतात. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट ठेवून मूळ संदेश पुसू नका, फोनही विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ साधन तुमच्याकडे असलेलं बरं.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी शोधा: प्लास्टरचा माल आणि जाडी काय लिहिली आहे, हमी किती काळाची आणि कशाची, आणि टँक चालू करून द्यायची जबाबदारी कुणाची. काही ठिकाणी भिंतीला लावायची पुट्टीच टँकमध्ये घोटलेली सापडते. ती कायम पाण्याखाली राहण्यासाठी नसते. बिलात "व्हाइट फिनिश" एवढाच मोघम शब्द असेल तर नेमका कोणता माल वापरला ते आताच व्हॉट्सॲपवर विचारून ठेवा. भांडण पेटल्यावर उत्तर मिळत नाही.

शेवटचा हप्ता बाकी असेल तर दुरुस्तीच्या अंदाजाएवढी रक्कम रोखा, आणि का रोखली ते लिहून कळवा. न सांगता सगळे पैसे अडवले की तक्रारदार तो होतो, तुम्ही नाही.

## टप्पा ६: संयुक्त पाहणी

सगळ्यात जास्त फळ देणारा आणि सगळ्यात जास्त वेळा टाळला जाणारा टप्पा हाच. पाहणीची तारीख ठेकेदाराला लेखी कळवा, सकाळची वेळ ठेवा. तुमच्या बाजूनं एक सिव्हिल इंजिनिअर असू द्या. तो टँकवालाच असायला हवा असं नाही. प्लास्टर आणि भेगा वाचता येणारा हवा. दुसरा टँक बांधणारा ठेकेदार तज्ज्ञ म्हणून आणू नका. तो सगळं फोडून नव्यानं करायलाच सांगणार, आणि समोरचा तेच बोट धरून त्याचं मत उडवून लावणार.

पाहणीत वॉटर पेपरची आणि ठोकण्याची चाचणी ठेकेदाराच्या हातानं करवून घ्या. तुम्ही घासलंत तर जोरात घासलं म्हणेल. पोकळ जागा दोघांनी मिळून नकाशावर मांडा. पाण्याची तिसरी बाटली तिथेच भरून दोघांच्या सहीनं सील करा. पोकळ भागाचा तुकडा काढायचा ठरला तर तोही तसाच पिशवीत बंद करून दोघांनी सही करायची. जाडी तिथल्या तिथे मोजून लिहायची.

शेवटी एक पानी नोंद. तीत फक्त जे दिसलं ते लिहा: "पूर्व भिंत, उत्तर कोपऱ्यापासून ६ ते ९ फूट, पोकळ आवाज. पायऱ्यांवर पांढरा थर, पेपरनं निघतो." चूक कुणाची हे त्या कागदावर लिहायला गेलात तर सही मिळणार नाही. सही नाकारली तर तसं लिहून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. तो आलाच नाही, तर त्याचीही नोंद करा आणि पाहणी उरका.

तपासा: नोंदीच्या कागदाचा फोटो त्याच दिवशी ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला का?

## टप्पा ७: कोणता दोष कुणाच्या पदरात, आणि पत्र

इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. पोकळ प्लास्टर, मऊ पीठ सुटणारा थर, फोड, आतल्या सळईचा गंज, ठरल्यापेक्षा कमी जाडी हे ठेकेदाराचं. मोरचूद, पानांचे डाग, २८ दिवसांनंतर ढिली पडलेली निगा हे तुमचं. क्षाराचा थर आणि भरताना पडलेली रेघ मधल्या जागेत येतात. टँक कुणी भरला आणि पहिला महिना कुणी सांभाळला यावर ते ठरतं. नुसते करडे ढग असतील तर पूर्ण प्लास्टर नव्यानं करून मागण्यात सहसा अर्थ नाही. हातानं घोटलेल्या पांढऱ्या प्लास्टरमध्ये छटांचा थोडा फरक राहतोच. तिथे पॉलिश करून द्या, बिलात सूट द्या, हमी वाढवा अशी मागणी टिकते.

दहा तक्रारी एकत्र कोंबल्या की खरी तक्रार त्यात बुडते. आपल्या पदरातले डाग पत्रातून गाळा. मसुदा असा:

> विषय: स्विमिंग टँकच्या प्लास्टरमधील दोष.
> दि. … च्या कोटेशननुसार आपण … येथील टँकचे काम केले. दि. … रोजी टँक भरला. दि. … रोजीच्या संयुक्त पाहणीत पुढील दोष आढळले: (१) पूर्व भिंतीवर उत्तर कोपऱ्यापासून ६ ते ९ फुटांत प्लास्टर सुटले आहे. (२) पायऱ्यांशेजारी एक गंजाचा ठिपका आहे. पाहणीची नोंद, फोटो व पाण्याचे अहवाल सोबत जोडले आहेत. दुरुस्तीची पद्धत, साहित्य आणि कालावधी १५ दिवसांत लेखी कळवावा. न कळवल्यास अन्य व्यक्तीकडून दुरुस्ती करून खर्च मागण्याचा व कायदेशीर दाद मागण्याचा हक्क मी राखून ठेवतो.

"फसवणूक", "निकृष्ट", "लुबाडलं" हे शब्द पत्रात नकोत. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तेच ईमेल व व्हॉट्सॲपवरही पाठवा.

## टप्पा ८: दुरुस्ती, सौम्य ते कडक

ठेकेदार तयार झाला की कोणत्या दोषावर कोणती दुरुस्ती हे लिहून घ्या. क्रम हलक्या उपायाकडून भारी उपायाकडे.

क्षार असेल तर आधी पाणी. थोडं पाणी काढून त्या जागी कमी क्षाराचं पाणी भरा. नळाचं मिळालं तर ते, नाहीतर पावसाळ्यात पत्र्यावरचं. पीएच ७.२ च्या आसपास आणि निर्देशांक शून्याच्या किंचित खाली ठेवून रोज नायलॉनचा ब्रश मारा. थर काही आठवड्यांत उतरतो. तारेचा ब्रश टँकमध्ये नेऊच नका, त्याचे तुटके केस पुढे गंजाचे ठिपके होतात.

लोह आणि तांबं असेल तर क्लोरीन आधी अगदी कमी होऊ द्या, मग ॲस्कॉर्बिक किंवा सायट्रिक ॲसिड पाण्यात सोडा. डाग सुटला म्हणजे धातू पाण्यात आला, गेला नाही. तो धरून ठेवण्यासाठी सिक्वेस्ट्रंट टाकावं लागतं आणि क्लोरीन हळूहळू वाढवावं लागतं. घाईत ब्लीचिंग पावडर ओतली की तोच डाग दुसऱ्या भिंतीवर बसतो. पाणी येतं तिथलं लोह थांबवलं नाही तर हे सगळं दर दोन महिन्यांनी करावं लागेल.

गंजाचा एकटा ठिपका रसायनानं जात नाही. तिथलं प्लास्टर खोदून लोखंड इंचभर आत कापायचं आणि पाण्याखाली टिकणाऱ्या मसाल्यानं भरायचं. ठिगळ दिसणार, हे आधीच मान्य करा.

पोकळ प्लास्टरही ठिगळानं भरता येतं, पण जागा अनेक असतील तर पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नव्यानं मागा. ते काम मार्च ते मे टाळा. टाळता येत नसेल तर पहाटे सुरू, वर हिरवी जाळी, आणि घोटाईवेळी ब्रशनं पाणी मारायला मनाई.

ॲसिड वॉश सगळ्यात शेवटी. प्लास्टरची जाडी मुळात १०-१२ मिलिमीटर असते आणि प्रत्येक वॉश त्यातलं थोडं घेऊन जातो. पृष्ठभाग खरखरीत होतो, मग शेवाळ जास्त धरतं. करायचाच तर सराईत माणसाकडून, मास्क आणि हातमोजे घालून. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. एका वेळी थोडाच भाग, लगेच धुऊन काढायचा. टँकच्या तळाशी ॲसिडची वाफ साचते, त्यामुळे माणूस खाली एकटा नको. धुतलेलं पाणी सोडा ॲश टाकून निवळल्याशिवाय ओढ्यात किंवा पिकात सोडू नका.

तपासा, परत भरताना: वीज किंवा टँकर सलग मिळेल तोच दिवस धरा. नळीचं तोंड तळाला गोणपाटावर ठेवा, धार थेट प्लास्टरवर नको. काठापर्यंत भरेपर्यंत थांबायचं नाही आणि तोवर कुणी आत उतरायचं नाही. पहिले तीन दिवस क्लोरीन नको, ब्रश दिवसातून दोनदा. क्लोरीनच्या गोळ्या थेट तळावर कधीच टाकू नका, पडतील तिथे प्लास्टर खातात.

## टप्पा ९: ठेकेदार हललाच नाही तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून ठेकेदाराला जबरदस्ती करता येत नाही, पण तक्रारीची नोंद होते आणि काही वेळा तेवढ्यानंच फोन उचलला जातो.

पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ठेकेदार पुण्याचा असो की हैदराबादचा, तुम्ही सोलापुरात राहत असाल तर सोलापूरच्या आयोगात जाता येतं. कामापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. "पावसाळ्यानंतर बघू, दिवाळीनंतर बघू" या आश्वासनांवर ही मुदत निघून जाते, म्हणून पहिल्या पत्राची तारीख डोळ्यासमोर ठेवा.

एक खाच मोठी आहे. टँक घरच्या वापराचा असेल तर तुम्ही ग्राहक. हुरडा पार्टीला, लग्नाला, दिवसाच्या भाड्यानं तोच टँक देत असाल तर ठेकेदाराचा वकील पहिला मुद्दा व्यावसायिक हेतूचा काढणार. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीचा वापर कायद्यानं त्यातून वगळला आहे, पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. मोठा रिसॉर्ट असेल तर दिवाणी न्यायालय किंवा करारातला लवादच धरावा.

टँक नव्या गृहप्रकल्पाचा आणि सोसायटीचा असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) पाहा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा आहे. इथे सोसायटीनं थेट टँकच्या ठेकेदाराच्या मागे लागू नये. सोसायटीचा व्यवहार बिल्डरशी आहे.

आयोगात गेल्यावर दुरुस्तीची घाई करू नका. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. तुमच्या अर्जात ती मागणी आणि जागेच्या पाहणीसाठी तज्ज्ञ नेमण्याची विनंती सुरुवातीलाच घाला. पोकळ झालेला भाग पडू लागला आणि थांबणं शक्यच नसेल, तर दुरुस्तीच्या किमान आठ दिवस आधी ठेकेदाराला आणि आयोगाला लेखी कळवा, फोडतानाचं सलग चित्रण करा, आणि निघालेले तुकडे पोत्यात भरून, तारीख टाकून, निकाल लागेपर्यंत पंपरूममध्ये ठेवून द्या.